एकसष्ट सवाऱ्या आणि एक खटारा

आमच्या दर्पण कॉलनीतल्या नाना मोहित्यांनी चौदा महिन्यांत एकसष्ट माणसांचे जीव वाचवले. आता ही माणसं मुळात अस्तित्वातच नाहीत, पण ते नानांसमोर बोलण्याची कुणाची छाती आहे?

नाना बत्तीस वर्षं इकडच्या हिंदी मुलखात, भिंडच्या लाइनीवर बसचे कंडक्टर होते. लग्न केलं नाही. "आमच्या पणजोबांनी तलवार चालवली, आजोबांनी ती खुंटीला टांगली, वडलांनी तिच्याने फणस कापला, आणि मी तिकिटाचा चिमटा चालवला," असा ते आपल्या घराण्याचा इतिहास सांगतात. माझा मुलगा अनिकेत नोकरीसाठी पुण्याला गेला, तेव्हा त्याचं व्हिडिओ गेमचं यंत्र आमच्या घरी धूळ खात पडलं होतं. नाना आले, बघितलं, आणि म्हणाले, "विनू, बात अशी आहे, चालू गाडी डेपोत उभी ठेवू नये." आणि यंत्र काखोटीला मारून घेऊन गेले!

त्या यंत्रात एकच खेळ होता. पुढच्या कुठल्याशा शतकातलं एक शहर. भोवती गगनाला भिडलेली भिंत, आत एका कंपनीचं राज्य. माणसांना नावं नाहीत, कॉलरवर नुसते आकडे. रस्तोरस्ती लोखंडी पहारेकरी. यातून एक आखूड केसांची, लांब कोटाची, बंदूकवाली बाई आपल्याला चालवायची असते. तिनं मारामारी करत कंपनीचं बिंग फोडायचं आणि भिंतीबाहेर निसटायचं, अशी एकंदर गोष्ट.

नानांनी पहिल्याच दिवशी बिंग वगैरे बाजूला ठेवलं. "बाई एकट्याच निघून जाणार? आणि या बाकीच्या सवाऱ्या?"

"नाना, ते लोक फक्त देखाव्याला आहेत."

"देखाव्याला? अरे, तो म्हातारा खोकून राहिलाय!"

झालं. एक बटण दाबलं की रस्त्यावरची माणसं बाईंच्या मागून चालू लागतात, हा शोध नानांना लागला. एका वेळी दोनच. त्या दोघांना गल्लीबोळांतून, पहारेकऱ्यांना चुकवत, गटारातल्या एका फटीतून भिंतीबाहेर पोचवायचं आणि परत यायचं. खेळ त्याची दखलही घेत नव्हता. शाबासकी नाही, काही नाही. तरी रोज सकाळी दहाला, अंघोळ-पूजा आटोपून नाना टीव्हीसमोर बसत आणि ओरडत, "चलो, चलो, आगे बढ़ो! आगे जगह खाली है!"

हे सगळं हिंदीत. मी विचारलं, "नाना, मराठीत का नाही?"

"सरकारी मामला आहे विनू. यांना मराठी कुठून येणार?"

लोखंडी पहारेकऱ्यांना भीत असतील म्हणावं, तर तेही नाही. "भिंडच्या सवाऱ्या सांभाळल्यात मी. हे यंत्र गोळी घालतं, पण 'जानता है मैं कौन हूँ' असं तरी विचारत नाही!"

आकडे त्यांना मुळीच पसंत नव्हते, म्हणून त्यांनी सगळ्यांचं बारसं केलं. ढेरपोटे ते दाल बाजारवाले शेठजी. मधली वाळलेली बाग ती आपल्या गावातली फूलबाग. एक आजी होत्या, त्या वाटेतल्या प्रत्येक नळाशी थांबत. त्यांच्यापायी बाई सात वेळा मेल्या. सात वेळा नानांनी मागच्या टप्प्यापासून सुरुवात केली. मी वैतागून म्हटलं, "सोडा ना त्या म्हातारीला!" तर नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्यानं चहा प्यायलो.

आणि तो फूलबागेतल्या बाकावरचा माणूस! तो काही केल्या हलेना. बटण दाबून दाबून अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी नानांनी मला हाक मारून बोलावलं. "बघ." त्यांनी बाईंची बंदूक कोटाच्या आत ठेवली, त्यांना त्याच्यासमोर उभं केलं, आणि बटण दाबलं. माणूस उठला! मी तोंडात बोटच घातलं. अनिकेतला फोन केला, तर त्यालाही खरं वाटेना. "बाबा, तो उठतो हेच कुणाला माहीत नाही. त्या खेळात बंदूक आत कोण ठेवतं?" पंधरा तासांत संपणारी गोष्ट म्हणे ती. माझ्या पोरानं ती दोनदा संपवली होती, आणि त्या माणसाकडे एकदाही पाहिलं नव्हतं. मी तरी बँकेत पस्तीस वर्षं समोर आलेल्या किती माणसांकडे पाहिलं? नानांपुढे मला त्या दिवशी फार लहान वाटलं.

शेवटच्या दिवशी आम्ही नवरा-बायको लाडूंचा डबा घेऊन हजर. नाना इस्त्रीच्या सदऱ्यात. एकसष्ट सवाऱ्या बाहेर पोचलेल्या. आत उरल्या बाई आणि त्यांच्यासोबतचा एक जुनाट यंत्रमानव. तो चालताना खडखडे, म्हणून नानांनी त्याचं नाव ठेवलं होतं खटारा. गटारातली फट कंपनीनं तोवर बुजवली होती. मोठ्या दरवाजाचा खटका कुणीतरी आतून दाबून धरायचा, तेवढ्यात दुसऱ्यानं बाहेर पडायचं. पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या. मी वाचून दाखवल्या. "एक, खटारा मागे राहील. दोन, बाई मागे राहतील. नाना, पहिलंच घ्या. गोष्ट तशीच आहे, यंत्र आहे ते."

"चौदा महिने सोबत चाललाय तो." नानांनी क्षणाचाही विचार न करता दुसरं बटण दाबलं.

खटारा खडखडत बाहेर गेला. दरवाजा धाडकन पडला. "एकसष्ट. आणि खटारा," नाना म्हणाले. "एकही सवारी सुटली नाही." आम्ही टाळ्या वाजवल्या. माझ्या बायकोनं तर पदर डोळ्यांना लावला.

त्यानंतर महिनाभरानं मी नानांकडे गेलो तो एक गोष्ट सांगायला. ती पंधरा दिवस माझ्या ओठांवर येऊन परत जात होती. मी रिटायर झालो होतो, अनिकेतनं पुण्यात घर घेतलं होतं, आम्हीही निघणार होतो. आमच्या गल्लीत एकेकाळी मराठी माणसांची अकरा घरं. कोणी इंदूरला गेलं, कोणी बंगळूरला. आता दोनच उरली होती, आमचं आणि नानांचं.

दार उघडंच होतं. सकाळचे दहा वाजलेले. नाना टीव्हीसमोर. पडद्यावर तेच शहर, पण रस्ते रिकामे. पहारेकरी नाहीत, माणूस नाही. बाई एकट्याच, बंदूक आत ठेवून, दुकानांवरून सावकाश चालल्या होत्या.

"नाना, गोष्ट तर संपली ना? आता काय करून राहिलात?"

"काही नाही रे. सगळे गेले ना. तिथं एकटीच आहे ती." त्यांनी मान वळवली नाही. "रोज सकाळी जरा फिरवून आणतो."

काय सांगायला आलो होतो, ते आता कुठल्या तोंडानं सांगणार?

"आणि तुमची गाडी किती तारखेची?" नानांनी विचारलं.

मी चाटच पडलो. मी अवाक्षर काढलं नव्हतं. तारीख सांगितली, आणि सांगता सांगता रडलो. उगाच खोटं कशाला सांगू?

"रडून काय राहिलास," नाना म्हणाले. "पोराकडेच चाललायस ना? मग! सामान फार घेऊ नका. मी येतो चढवायला."

आणि ते पुन्हा बाईंना चालवू लागले.