तांबुळवाडीच्या जावयांची चढाई

तांबुळवाडीच्या कबड्डीच्या मैदानात मध्यरेषेला लागून एक भेग पडली होती. उन्हाळ्यात तिच्यात जेमतेम करंगळी जायची, अधिक आषाढ लागला तेव्हा अख्खा तळहात जाऊ लागला. पावसाचा पत्ता नसल्यामुळे भेगेलाही घाई नव्हती. ती सावकाश, नेमाने रुंद होत होती. त्या भेगेच्या अलीकडे एक पाय आणि पलीकडे एक पाय रोवून काकासाहेबांनी जाहीर केलं,

"यंदा स्पर्धेची ढाल आपली! लिहून घ्या!"

लिहून घ्यायला समोर दोघंच होते. एक मोतीराम, संघाचा कर्णधार, वय वर्षं चव्वेचाळीस. दुसरी काकासाहेबांची बायको सरूबाई, आणि तीही हंडा घेऊन टँकरकडं निघालेली.

"ढाल आपली, ते ठीक," मोतीराम म्हणाला. "पण काका, संघ कुठंय?"

प्रश्न रास्त होता. शहर दौलताबादच्या रस्त्यानं सरकत सरकत तांबुळवाडीच्या वेशीला येऊन टेकलं होतं. शेतांचे प्लॉट झाले, पोरं कंपन्यांत लागली. पहिल्या पाळीतला चढाईवाला दुसऱ्या पाळीतल्या पकडवाल्याला भेटायचा तो फक्त कंपनीच्या बसमध्ये, एक उतरताना आणि दुसरा चढताना! तीन वर्षं तांबुळवाडी पहिल्याच फेरीत गारद होत होती. गेल्या वर्षी तर पाहुण्या संघासाठी ठेवलेला चहा उकळायच्या आत सामना संपला. काकासाहेब संघाचे व्यवस्थापक. त्यांना तो चहा एकट्याला प्यावा लागला होता.

पण काकासाहेब हरणाऱ्यातले नव्हते. त्यांनी स्पर्धेचा नियम शोधून काढला: खेळाडू गावचा रहिवासी असावा, किंवा गावचा जावई.

"जावई!" काकासाहेब ओरडले. "अगं, अधिक महिना लागलाय! धोंडे खायला जावई येणारच आहेत. येतीलच तर खेळतील!"

"जावई खायला येत्यात, खेळायला नाय," सरूबाई म्हणाली.

"दोन्ही करतील. पहिलं एक, मग दुसरं."

"आधी काय करत्याल?"

काकासाहेब तोवर जावयांची यादी करायला बसले होते.

भरती झपाट्यानं सुरू झाली. वैजापूरहून बिभीषणराव आले. कांद्याच्या व्यापारात होते, एके काळी तालुक्यात नावाजलेले खेळाडू. त्या काळाला आणि आत्ताच्या बिभीषणरावांना एकाच माणसात बसवणं अवघड होतं, पण काकासाहेबांना पोट दिसलंच नाही, त्यांना दिसली छाती. आणखी पाच घरचे जावई आले. राहिला आदिनाथ. तो तांबुळवाडीचा जावई, पण खेळायचा शेजारच्या भोकरवाडीकडून, कारण राहायला तिथंच. आणि आपला मोतीराम होता भोकरवाडीचा जावई. काकासाहेब भोकरवाडीला गेले, दोन गावांत खेळाडूंचं साटंलोटं ठरवून आले. आमचा मोतीराम न्या, तुमचा आदिनाथ द्या!

"मला देऊन टाकलं व्हय, काका?" मोतीराम म्हणाला. "वीस वर्षं खेळलो गावाकडून!"

"अरे, तिकडं तू जावई आहेस."

मोतीराम विचारात पडला. "म्हंजी खुर्ची मिळंल?"

"खुर्ची, टॉवेल, धोंडे. सगळं."

"मग हे आधीच का नाय केलं?" असं म्हणून मोतीराम त्याच संध्याकाळी पिशवी भरून गेला.

आता फक्त हुकमाचा पत्ता राहिला होता. कन्नड तालुक्यात घाटाच्या माथ्यावर चिंचखोरी नावाचं गाव आहे. तिथला ऋतुराज चढाईला निघाला की समोरचे सातजण आपापल्या घरच्यांची आठवण काढायचे. होळीच्या सुमाराला तो काकासाहेबांच्या धाकट्या मुलीला, सोनियाला, बघून गेला होता. त्याच्याकडून होकार होता. दोघं फोनवर बोलायचेही. सोनिया रसायनशास्त्र शिकलेली, शहरातल्या एका प्रयोगशाळेत टँकरच्या पाण्याचे नमुने तपासायची. होकाराचं विचारलं की ती म्हणायची, "सांगते." चार महिने झाले, "सांगते"च्या पुढं गाडी सरकेना.

काकासाहेब स्पर्धेच्या पंचांकडे गेले. अधिक महिन्यात साखरपुडा करता येत नाही, मग होणाऱ्या जावयाचं काय? पंच भला माणूस. म्हणाला, "मुलीनं आमच्यासमोर स्वतःच्या तोंडानं हो म्हटलं, की आम्ही जावई धरू. बापानं म्हणून चालणार नाही."

"म्हणते की! पोरगी माझीच आहे!" काकासाहेब म्हणाले.

सराव सुरू झाला. मैदान भिजवायला पाणी नव्हतं आणि हंडाभर पाणी मातीत ओतलं असतं तर गावच्या बायांनी काकासाहेबांनाच पुरलं असतं. त्यावर त्यांनी तोड काढली. जावयांच्या आंघोळीचं पाणी पन्हाळीनं मैदानात सोडलं! बिभीषणराव एकटेच अर्धं मैदान भिजवायचे.

आणि सरावात जे दिसलं, त्यानं काकासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. बिभीषणरावांना कुणी धरूच शकेना! ते डुलत डुलत जात, दोघांना टप टप हात लावत, आणि वाटेत दम घ्यायला थांबून परत येत. आदिनाथही तसाच. एका आठवड्यात एकाही जावयाची पकड झाली नाही!

"पोलादी माणसं आणलीत, पोलादी!" काकासाहेबांनी घरी सांगितलं.

सोनिया पोळी मोडता मोडता म्हणाली, "बाबा, समोर कोण असतं?"

"गावातलीच पोरं. ह्यांचे मेव्हणे."

"मग ते जावयाचा पाय ओढतील का? काल तुमचा एकजण बिभीषणरावांच्या पायाशी वाकला, ते मला आधी पकड वाटली. त्यानं नमस्कार केला."

"तुझं ते परीक्षानळीत ठेव," काकासाहेब म्हणाले. "आणि त्या ऋतुराजचं काय ते सांग आता."

"सांगते."

तरीही काकासाहेबांनी एकदा जावयांना दोन शब्द सुनावायचे ठरवलं. पळायला सांगावं, पोट आत घ्यायला सांगावं. मैदानात गेले, घसा खाकरला, आणि तोंडातून निघालं, "पाहुणे, चहा झाला का?" जावयाला रागवायची सवय त्यांच्या जिभेला नव्हतीच. मग त्यांनी बाजूला उभ्या असलेल्या पोरांनाच झापलं.

पहिल्या फेरीची चिठ्ठी निघाली. तांबुळवाडी विरुद्ध चिंचखोरी. ऋतुराजचंच गाव! काकासाहेब उलट खूश झाले, कारण ज्या घराशी सोयरीक चालू आहे त्यांच्याविरुद्ध पोराला उतरवणं बरं दिसत नाही, म्हणून चिंचखोरीनं ऋतुराजला बाहेर बसवला. स्पर्धेतला सगळ्यात चांगला खेळाडू दोन्ही संघांच्या मधोमध, लिंबाखाली, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होता.

सामना सुरू झाला. बिभीषणराव मांडीवर थाप मारून चढाईला गेले. डुलत डुलत गेले, सरावासारखेच. चिंचखोरीच्या एका काटकुळ्या पोरानं त्यांचा घोटा पकडला. बिभीषणराव क्षणभर आशीर्वाद द्यायला वाकले. मग बाकीचे सहा अंगावर आले!

"अरे, सोडा! जावई आहे मी!"

"आमचा नाय!" खालून आवाज आला.

मग आदिनाथची पाळी. आदिनाथ जागचा हलेना.

"काय झालं, पाहुणे?" काकासाहेब धावले.

"काही नाही. आम्ही बरे आहोत इथंच."

"अहो, चढाई!"

"मोठ्या जावयांना पाठवा की पुन्हा. काल तुमच्याकडच्या पंगतीत त्यांच्या पानात पाच धोंडे, आमच्या पानात तीन. तेव्हा नाही आठवला आदिनाथ!"

आदिनाथराव रुसले होते! काकासाहेबांनी सरूबाईला बोलावलं. सामना थांबवून सरूबाई मैदानात आली, पदर सावरून म्हणाली, "जावईबापू, उठा. आज सात वाढते." चिंचखोरीचा संघ कमरेवर हात ठेवून अदबीनं थांबला, कारण जावई त्यांच्याही घरी होते. आदिनाथराव उठले, गेले, आणि चार पावलांत धरले गेले. पाठोपाठ बाकीचेही गेले. अख्खा संघ बाद झाला, लोण चढला. मध्यंतराला फरक एवढा, की गुण मांडणाऱ्यानं नवा खडू मागवला.

काकासाहेबांचा धीर मात्र सुटला नव्हता. हुकमाचा पत्ता लिंबाखाली होता!

"सोनिया!" त्यांनी बायकांच्या घोळक्यातून मुलीला ओढतच आणलं. "पंचासमोर चल. हो म्हण. ऋतुराजराव, शर्ट काढा!"

ऋतुराज उठला, पण शर्टाला हात लावेना. पंच माइक घेऊन आला. दोन्ही गावं उभी राहिली. सोनियानं ऋतुराजकडं बघितलं आणि हळूच विचारलं,

"तुम्हाला खेळायचंय?"

"नाही," तो तितकंच हळू म्हणाला. "समोर माझं गाव आहे. लहानपणापासून ह्यांच्यासोबत खेळलोय."

"मग बाबांना सांगा की तसं."

"कसं सांगू? ते सासरे होतात का नाही, हेच माहीत नाही. तुम्ही आधी हो म्हणा, मग मी त्यांना नाही म्हणतो. उलटं केलं तर दोन्हीकडून जायचो!"

सोनिया हसली. चार महिन्यांत ह्या विषयावर ती पहिल्यांदाच हसली होती.

काकासाहेब दोघांच्या मधोमध उभे होते. त्यांनी अक्षर न् अक्षर ऐकलं. म्हणजे पोरगी हो म्हणाली, की हुकमाचा पत्ता हातचा गेला! ते एकदम पंचाकडं वळले.

"पंचसाहेब, काही घाई नाही हां! पोरगी विचार करतेय. आयुष्याचा प्रश्न आहे. दिवाळीपर्यंत सांगेल सावकाश!"

"आवं, चार महिने तुम्हीच तर जीव खाल्ला तिचा!" मागून सरूबाई ओरडली.

"आता करू दे की विचार! सोने, नीट विचार कर बाई, मी काही म्हणत नाही!"

पण माइक सोनियाच्या हातात गेला होता. तिनं त्यावर बोटानं एकदा टकटक केलं, आवाज बरोबर येतोय ना ते पाहिलं, आणि नमुन्याचा निकाल सांगावा तशा शांत, स्वच्छ आवाजात म्हणाली,

"लग्नाला माझा होकार आहे. खेळायला जावयांचा नकार आहे."