शक्यतो खेळवू नये

खेळाडूचं शरीर ही समाजाची संपत्ती असते, असं बक्षीस समारंभातला प्रत्येक पाहुणा सांगतो, आणि ते खरंच आहे. सार्वजनिक नळाचंही तसंच असतं. पाणी सगळे भरतात. नळ गळायला लागला की मात्र तो नेमका कोणाच्या हद्दीत येतो हे ठरवायला चार माणसं आणि एक बैठक लागते. व्हॉलीबॉल महासंघाला हे सत्य उशिरा का होईना उमगलं, आणि त्यातून जखमी खेळाडू संरक्षण कक्षाचा जन्म झाला.

त्याचं असं झालं की आदल्या वर्षी एक मुलगी मोडलेल्या घोट्याने तीन सामने खेळली. वर्तमानपत्रांनी आधी तिच्या जिद्दीवर लेख छापले आणि पंधरा दिवसांनी त्याच पानावर 'जबाबदार कोण?' असं विचारलं. महासंघ खडबडून जागा झाला. (महासंघ नेहमी खडबडूनच जागा होतो, साधा जागा झाल्याची नोंद दप्तरी नाही.) अवघ्या अकरा बैठकांत कक्ष स्थापन झाला. त्याला क्रीडागृहाच्या जिन्याखालची खोली मिळाली. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, तपासणीचा पलंग, वजनकाटा आणि एका बाजूला उतरत गेलेलं छत. त्या छतावर कक्षाच्या फिजिओचं डोकं दिवसातून दोनदा तरी आपटायचं. टेंगळाची नोंद करायची सोय कक्षात नव्हती, कारण फिजिओ खेळाडू नव्हता.

कक्षाचं यश डोळे दिपवणारं होतं. स्थापनेआधीच्या हंगामात जखमी खेळाडू होते एक्केचाळीस. स्थापनेनंतर एकही नाही. हे साधलं ते निव्वळ व्याख्येच्या जोरावर. नियम दोन, पोटनियम अ: 'जखमी खेळाडू म्हणजे जखमेमुळे खेळत नसलेला खेळाडू.' जो खेळतोय तो अर्थातच जखमी नाही, आणि जो जखमी नाही त्याला खेळवायला कोणाची हरकत असणार? फिजिओने हा पोटनियम पहिल्यांदा वाचला तेव्हा त्याला जरा गरगरलं. त्याने तो पुन्हा वाचला, पण त्यात चूक काही सापडेना. तसा माणूस गुणी होता. बारा वर्षं लोकांच्या सांध्यांना पट्ट्या बांधून त्याचा हात बसला होता, आणि बारा वर्षं साहेबलोकांपुढे उभं राहून जीभही बसली होती.

उपांत्य सामन्यात शिडीचा गुडघा दुखावला. शिडी म्हणजे संघातली सगळ्यात उंच मुलगी. वय वीस, आणि उडी अशी की नेटपलीकडच्या मुलींना तिचा चेहरा बघायला मान मोडावी लागे. त्या दिवशी ती खाली येताना दुसरीच्या पायावर उतरली आणि गुडघा नको त्या दिशेला वळला. दुसऱ्या दिवशी सकाळी कक्षात आली तेव्हा गुडघा कुठे संपतो आणि मांडी कुठे सुरू होते ते कळत नव्हतं.

"दादा, फायनल परवा आहे," ती पलंगावर बसत म्हणाली. "पट्टी घट्ट बांधली तर होईल ना?"

फिजिओने गुडघा हळूच हलवून पाहिला. तो हलायला नको तितका हलत होता. "दुखतंय?"

"नाही."

"खरं सांग बघू."

"दुखतंय म्हटलं तर तुम्ही लिहाल. लिहिलंत तर मी बाकावर बसणार. आणि एकदा बसले की पुढच्या वर्षी माझ्या जागी दुसरी कोणीतरी उभी असणार. आता विचारा, दुखतंय का?"

त्याने विचारलं नाही. हाताखाली जे लागत होतं त्यावरून त्याची खात्रीच पटली होती. आतलं लिगामेंट अर्धं तुटलेलं होतं. आणखी एक उडी वाकडी पडली की उरलेलं तुटणार, आणि मग ही मुलगी उडी सोडाच, घरचा जिनासुद्धा कठडा धरून चढणार.

नियमावलीप्रमाणे त्याने 'खेळण्यायोग्यता पत्रक' काढलं. हे पत्रक म्हणजे माणसाच्या बुद्धीचा एक देखणा नमुना होता. त्यावर सहा सह्या लागत आणि प्रत्येक सही आपली पायरी सोडत नसे. डॉक्टरांनी फक्त गुडघ्याबद्दल बोलायचं, खेळाबद्दल नाही. प्रशिक्षकांनी फक्त खेळाबद्दल, गुडघ्याबद्दल नाही. दोघांशी चर्चा झाली एवढंच व्यवस्थापकांनी लिहायचं. चर्चेत काय ठरलं ते लिहायला जागा नव्हती. मुलगी आपलीच आहे हे वडिलांनी कळवायचं, आणि आपण राजीखुशीने खेळतो आहोत हे मुलीने. फिजिओच्या वाट्याला आलं होतं 'पट्टी नीट बांधली आहे', आणि त्याखाली बोटभर रुंदीचा एक रकाना: 'शेरा (असल्यास).' कक्ष सुरू झाल्यापासून तो रकाना धुतल्या तांदळासारखा स्वच्छ राहिला होता.

संध्याकाळी त्याने घरी बायकोला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मग लिहून टाका की, खेळवू नका म्हणून."

"अगं, मी डॉक्टर नाही. माझं काम पट्टी बांधायचं."

"डॉक्टर नसाल, पण डोळे आहेत ना तुम्हाला? की तेही डॉक्टरांच्या खात्यात जमा केलेत?"

यावर त्याला उत्तर सुचलं नाही. (ते पुढे चौकशी समितीपुढेही सुचलं नाही.) पण दुसऱ्या दिवशी सकाळी कक्षात गेल्यागेल्या त्याने आयुष्यातलं सगळ्यात मोठं धाडस केलं. शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द लिहिले: 'खेळवू नये.' अक्षर सुवाच्य आलं.

पत्रक डॉक्टरांकडे गेलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि फिजिओच्या पाठीवर हात ठेवला. "अगदी बरोबर आहे तुमचं. फक्त असं तोडून टाकल्यासारखं लिहू नका हो. आमच्या शास्त्रात शंभर टक्के असं काही नसतं." आणि त्यांनी स्वतःच्या पेनाने आधी एक शब्द घातला. शेरा झाला: 'शक्यतो खेळवू नये.'

प्रशिक्षकांनी तो मैदानाच्या कडेला, शिट्टी तोंडातून न काढता वाचला. मग शिट्टी काढली. "माझा पाठिंबाच आहे तुम्हाला. पण 'नये' हा शब्द पोरींच्या कानावर गेला तर संघ खचेल. आपण तेच चांगल्या शब्दांत सांगू." शेरा झाला: 'शक्यतो जपून खेळवावे.'

व्यवस्थापक कामाचा माणूस. त्यांना 'शक्यतो' मोघम वाटलं आणि 'खेळवावे' धोक्याचं. "खेळवावे म्हटलं की कोणी खेळवलं, ही भानगड उद्भवते. खेळणारी ती आहे, तर तिनेच खेळावं. आपण कशाला मध्ये?" शेरा झाला: 'जपून खेळावे.' बाहेरच्या बाकावर शिडीचे वडील हातात टोपी चुरगाळत बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "साहेब, पोरीला काही होणार नाही ना?" व्यवस्थापकांनी शेऱ्यावर बोट ठेवलं. जपून असं लेखी आहे म्हटल्यावर त्या माणसाचा जीव भांड्यात पडला आणि त्याने सही केली. लेकीने तर आदल्या दिवशीच करून ठेवली होती.

शेवटी पत्रक टंकलेखनाला गेलं. टंकलेखिका बाई अत्यंत प्रामाणिक होत्या. छापील रकान्यात एकच शब्द मावत होता, म्हणून त्यांनी त्यातल्या त्यात महत्त्वाचा ठेवला.

दुपारी शुद्ध प्रत फिजिओच्या टेबलावर आली. 'शेरा (असल्यास): खेळावे.' खाली त्याचं नाव. यात कोणी खोटेपणा केला होता असं म्हणायची सोय नव्हती. प्रत्येकाने एखाददुसराच शब्द हलवला होता, तोही चांगल्या हेतूने, आणि सगळे त्याच्याशी सहमत होते. एवढे सहमत लोक त्याला आयुष्यात एका दिवशी भेटले नव्हते. त्याने सही केली. पट्टी नीट बांधली होती, निदान तेवढं तरी खरं होतं.

शिवाय नियम चौदा होताच. (हा नियम चुकून राहिला होता, पुढच्या आवृत्तीत तो नाही.) त्याप्रमाणे सामना चालू असताना फिजिओला कोणाच्याही सहीशिवाय उठून पंचांच्या टेबलापाशी जाता येत होतं, आणि त्याने सांगितलं की खेळाडूला बाहेर काढावंच लागत होतं. "वेळ आली तर उठेन मी," त्याने बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "उठा म्हणजे झालं."

वेळ पाचव्या सेटमध्ये आली. चौदा-तेरा, एक गुण मिळाला की चषक. शिडी आदल्या चेंडूला उडाली आणि उतरताना तिचा पाय दुमडला. फिजिओला बाकावरून तो आवाज ऐकू आला. सुकी फांदी मोडावी तसा. ती खाली बसली, मग हातांनी जमीन ढकलत एका पायावर उभी राहिली, आणि सगळ्यांना दिसेल असा अंगठा वर केला. क्रीडागृहात तीन हजार माणसं होती. एकाच्या तोंडून शब्द फुटेना.

फिजिओ उठला.

हे समितीच्या अहवालात स्पष्ट नमूद आहे, आणि ते त्याच्या बाजूने धरायला हवं. तो उठला, टेबलाकडे वळला, एक पाऊलही टाकलं. पण त्याच्यामागे पहिल्या रांगेत बसलेल्या मंडळींना वाटलं, मुलीच्या मानवंदनेसाठी तिचे दादा उभे राहिले. तेही उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. दुसरी रांग मागे कशी राहील? बघता बघता तीन हजार माणसं उभी होती आणि छत फाटेल असा कडकडाट चालला होता. तेवढ्या टाळ्यांमधून चालत जाऊन त्या बंद करायला माणूस वेगळ्या मातीचा लागतो. फिजिओ आपल्याच गावच्या मातीचा होता. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं की आपलेही हात टाळ्या वाजवतायत.

शिडी त्याच्याकडेच बघत होती. तिने मान हलवली आणि जागेवर गेली. सर्व्ह झाली, चेंडू वर आला, ती उडाली. काय उडी होती ती! चेंडू सणसणत पलीकडच्या रेषेशी आदळला, रेषेवरच्या पंचाने झेंडा हलवला, आणि शिडी जी खाली आली ती पुन्हा उठली नाही.

चौकशी समितीने नऊ बैठकांत एकशे बारा पानांचा अहवाल दिला. तो मुळातूनच वाचायला हवा. पत्रकावरच्या सहाही जणांनी आपापली हद्द पाळल्याबद्दल समितीने समाधान व्यक्त केलं आहे. टाळ्यांमुळे खेळाडूवर दडपण आलं असल्यास ती जबाबदारी तीन हजार जणांत सारखी वाटून दिली. प्रत्येकाच्या वाट्याला शून्य पूर्णांक शून्य तीन टक्के आली. एका टक्क्याखालची जबाबदारी हिशेबात धरायची नाही असा संकेत असल्याने बेरीज शून्य झाली. राहिला गुडघा. त्याने त्रासाची पूर्वसूचना विहित नमुन्यात दिली नव्हती, असा ठपका समितीने जड अंतःकरणाने ठेवला. एक छोटी अडचणही निघाली: शिडी आता जखमेमुळे खेळत नव्हती, म्हणजे व्याख्येनुसार जखमी ठरत होती, आणि कक्षाच्या शून्याला बट्टा लागत होता. तिला निवृत्तांच्या यादीत घालून तो प्रश्न सोडवण्यात आला.

फिजिओ तिला भेटायला रुग्णालयात गेला. पाय सळ्यांच्या चौकटीत ठेवला होता. वडील पाणी आणायला बाहेर गेले होते.

"दादा, तुम्ही उठलात ना, तेव्हा इतकं बरं वाटलं मला," ती म्हणाली. "म्हटलं, आले. आता दादा मला बाहेर काढतील, आणि पळाली असं कोणी म्हणणार नाही."

त्याने पलंगाच्या दांडीला अडकवलेला तक्ता सरळ केला.

"मग तुम्ही टाळ्या वाजवायला लागलात. म्हटलं, दादांना आतलं कळतं. ते टाळ्या वाजवतायत म्हणजे चालेल."

ती तक्रार करत नव्हती, आणि तेच त्याला सोसवेना. शिवी दिली असती तर त्याने आनंदाने घेतली असती. "मी चुकलो गं," तो म्हणाला. त्या सगळ्या प्रकरणात हे वाक्य एकदाच बोललं गेलं, आणि तेव्हा ते लिहून घ्यायला तिथे कोणी नव्हतं.

अहवाल प्रसिद्ध झाल्यापासून महासंघाकडे नागरिकांची चारशे सहा पत्रं आली आहेत. सगळ्यांत एकच विचारणा आहे: तो चेंडू आत पडला की बाहेर? ते इथेही कुठे सांगितलेलं नाही, हे तुमच्या केव्हाच लक्षात आलं असेल. शिडीचा गुडघा डावा गेला की उजवा, हेही कुठे सांगितलेलं नाही. ते लक्षात आलं होतं का?