चकचकीत चाकांची आदर्श माता

मुलांनो, एका जंगलात सगळ्या प्राण्यांकडे गाड्या होत्या. पायही होते, पण ते गाडीपर्यंत जायला लागत.

जंगलातली शाळा मोठ्या उताराच्या तळाशी, नदीच्या काठावर होती. पिल्लांना सोडायला जाताना प्रत्येक आई ब्रेक दाबत दाबत खाली यायची. ब्रेक दाबला की तो थोडा झिजतो. त्याची काळी पूड उडते आणि चाकांवर चिकटून बसते. पूड बिचारी एवढंच सांगत असते, की गाडी वेळेवर थांबली. पण ते ऐकायला कुणाला वेळ नव्हता.

एक दिवस मुख्याध्यापिका नीलगायबाईंनी पालकांच्या ग्रुपवर कळवलं, "दसऱ्याला शाळेत वाहनपूजा आहे. ज्या गाडीची चाकं सर्वांत चकचकीत, त्या घरचं पिल्लू लेझीमच्या पहिल्या रांगेत. काळी चाकं म्हणजे निष्काळजी आई."

हे वाचून उल्का सशीण तडक आपल्या गाडीची चाकं बघायला धावली. तिची मुलगी भिंगरी इतकी लेझीम खेळायची, की घरातल्या कपबश्याही तालात वाजायला लागल्या होत्या.

"आई, आपली चाकं काळी आहेत?"

"थोडीशी."

"म्हणजे तू थोडीशी निष्काळजी आहेस?"

हा प्रश्न उल्का स्वतःला रोजच विचारायची, निमित्त तेवढं वेगळं असायचं.

तिने ग्रुपवर विचारलं, "चाकांवरच्या काळ्या पुडीसाठी कोणता क्लीनर चांगला?" इथेच चुकलं. त्या जंगलात ज्याला काही माहीत नसे, तो सर्वांत आधी उत्तर देई.

माकडीणमावशी म्हणाली, "संडासाचं ॲसिड ओत गं. आमच्या फरशीचे डाग झटक्यात गेले." फरशीही गेली होती, पण ते तिने सांगितलं नाही.

लांडोरताई म्हणाली, "मी परदेशी मागवते. फवारलं की चाकावरून जांभळे ओघळ येतात. फोटो काय सुंदर येतो!"

"आणि पूड जाते?"

"फोटोत तरी दिसत नाही."

अस्वलकाकूंनी लिहिलं, "लिंबू, सोडा आणि श्रद्धा." त्यावर सगळ्यांनी हात जोडले.

उल्का शिकलेली होती. म्हणजे बाटलीमागची बारीक अक्षरं वाचायची आणि मग घाबरायची. ॲसिडने चाकांची झिलई जाते हे वाचून ती घाबरली. तिने चाकांसाठीच बनवलेला, बिनॲसिडचा, सौम्य क्लीनर घेतला. चाकं थंड होऊ दिली. फवारा मारला, मऊ ब्रश फिरवला आणि वाळायच्या आत भरपूर पाण्याने धुतलं. चाकं लख्ख झाली.

दुसऱ्या दिवशी ती एकदा शाळेत जाऊन आली. चाकं पुन्हा काळी.

"चुकीची बाटली घेतलीस. मी सांगत होते!" माकडीणमावशी म्हणाली. तिच्या चाकांवर आता बिबट्यासारखे ठिपके उठले होते. ते डिझाइन आहे, असं ती सांगे.

फक्त कोल्हीणवहिनींची चाकं कधीच काळी होत नसत. उल्काने त्यांना गाठलं.

"वहिनी, कोणता क्लीनर वापरता हो?"

"क्लीनर? छे गं! मी ब्रेकच दाबत नाही."

"मग थांबता कशा?"

"समोरचे बाजूला होतात की!"

हे ग्रुपवर कळताच टाळ्यांचा पाऊस पडला. नीलगायबाईंनी खाली लिहिलं, "आदर्श माता."

दसरा उजाडला. उतार सुरू झाला तशी मागच्या सीटवरून भिंगरी म्हणाली, "आई, आज नको ना ब्रेक दाबूस. मला पुढे उभं राहायचंय."

उल्काला वाटलं, सगळ्याच जणी कशा चुकतील? आपणच भित्र्या. तिने पाय उचलला. गाडी सुसाट सुटली. भिंगरीचे कान मागे उडाले, ती हसलीसुद्धा. नदी भराभर मोठी व्हायला लागली आणि उल्काने पाय दाबला. पार फाटकापर्यंत दाबूनच ठेवला. चाकं कोळशासारखी झाली.

तिच्या मागून कोल्हीणवहिनी आल्या, झेंडूची माळ मिरवत, हॉर्न वाजवत. कासवं बाजूला झाली. बदकं बाजूला झाली. पूजेचं ताट घेऊन नीलगायबाईसुद्धा बाजूला झाल्या.

नदी बाजूला झाली नाही.

वहिनी आणि त्यांचं पिल्लू कसेबसे काठाला लागले, खोकत, ठसकत. हत्तीने गाडी ओढून बाहेर काढली. नीलगायबाईंनी चष्मा लावून चाकं तपासली. एक कण म्हणून नव्हता.

"बघा, पालकहो!" त्या गहिवरून म्हणाल्या. "याला म्हणतात काळजी!"

कोल्ह्याचं पिल्लू पहिल्या रांगेत उभं राहिलं. कुडकुडत होतं, लेझीम हातात धरवत नव्हती. भिंगरी शेवटच्या रांगेत गेली.

"तू का दाबलास ब्रेक?" ती रडत म्हणाली.

उल्काने भिंगरीचे कान चाचपून पाहिले. कोरडे होते.

तात्पर्य: मुलांनो, चाकांवरची काळी पूड घालवायला बाजारात पुष्कळ बाटल्या मिळतात, पण कायमचा उपाय एकच आहे: ब्रेक दाबू नये. आदर्श आई म्हणवून घ्यायचं तर तेवढं करावंच लागतं. पिल्लांना पोहायला मात्र घरीच शिकवावं, शाळेच्या अभ्यासक्रमात ते नाही.