नवरीविना तारीख

आमच्या शेजारचे सर्जेरावतात्या दर दिवाळीनंतर मुलाच्या, विलासच्या, लग्नासाठी मंगल कार्यालयाची तारीख धरून ठेवत. मुलगी ठरलेली नसे. पाहिलेलीही नसे. मॅनेजर विचारी, "तात्या, नवरीचं नाव?"

"ते यमाईला ठावं. तुमी तारीख धरा."

तात्या फौजेत ड्रायव्हर होते. हुकूम कधीही येईल, गाडी तयार पाहिजे, हा त्यांचा धर्म. "देवीनं उद्या हो म्हणलं आन् आमाला हाल मिळाला न्हाई, तर कोणत्या तोंडानं जायचं तिच्याम्होरं?" विलासचा सूटही शिवून ठेवलेला. वाट बघता बघता विलास अंगानं सुटला, म्हणून तो दोनदा उसवून मोठा केला.

विलास आल्याची शेती उत्तम करतो, स्वभावानं गरीब. पण हल्ली मुलींना शेतकरी नवरा नको. मीही माझी मुलगी शेतकऱ्याला दिली नाही, तेव्हा उगाच कशाला बोला?

दर शुक्रवारी तात्या औंधचा डोंगर चढून येत. मी विचारी, "काय म्हणाली देवी?"

"न्हाई म्हणली न्हाई."

लग्नसराईत तारखांची ओढाताण झाली की गरजू लोक तात्यांना गाठत. तात्या आपली तारीख देऊन टाकत, वर त्याच लग्नात पंगतीला वाढायला उभे राहत.

यंदा कांबळे मास्तर आले. मुलीचा नवरदेव फौजेत, सुट्टी मोजकी. फौज म्हटल्यावर तात्यांनी पुढचं ऐकूनही घेतलं नाही, तारीख दिली. आणि पुढच्याच आठवड्यात विलासचं जमलं. मुलगी जतची, सरकारी दवाखान्यात नर्स. पहिला नवरा अपघातात गेलेला. तिची बदली आमच्याकडे झाली होती, आणि कामावर रुजू होण्याआधी लग्न उरकावं, असा तिच्या वडिलांचा आग्रह. आता हॉल कुठून आणायचा?

मी स्पष्टच सांगितलं, "तारीख परत मागा. मास्तर समजूतदार आहेत."

"दिली म्हंजी दिली, वैनी."

"आणि जतवाले बिथरले तर?"

"बिथरतील बी," तात्या म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

त्यांनी माझ्यासमोरच स्पीकरवर जतला फोन लावला. साहेबासमोर उभं राहावं तसे ताठ उभे राहून म्हणाले, "हाल न्हाई. घरापुढं अंगण हाय. चालंल का?" पलीकडं कुजबुज झाली. मग मुलीनंच फोन घेतला.

"अंगणात सावली हाय का?"

"लिंबाचं झाड हाय. मोठं."

"मग बास की."

लग्न झकास झालं. बुंदी कमी पडली, पण तक्रार कुणी केली नाही. सुनेनं येताच विलासचा तो सूट बोहारणीला देऊन टाकला.

पुढच्या शुक्रवारी बघते, तर तात्या डोंगरावरून येत होते. चहाला बोलावलं. "आता कशाला गेला होता? झालं की सगळं."

"सवयीनं." त्यांनी चहा बशीत ओतला. "हात जोडलं आन् मागायला काय सुचंना. आमची मंडळी वारल्यापास्नं मोकळं बोलायचं तेवढंच ठिकाण हुतं, वैनी."

"नात मागा," मी म्हटलं.

तात्यांनी चहा संपवला, मिशी पुसली.

"मागतो. पर घाई करू नगं म्हणून सांगतो तिला."