सरांनी तापवलेलं पाणी

विज्ञानाच्या सरांनी प्रयोगाची रंगीत तालीम घरी करायचं ठरवलं आणि तिथेच माशी शिंकली. सरांची नोकरी हंगामी. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाई त्यांचा तास बघायला बसणार होत्या. तास जमला तर नोकरी कायम, नाहीतर नारळ.

प्रयोग तसा साधा. दिव्यात स्पिरिट जाळायचं, वर डब्यातलं पाणी तापवायचं, किती स्पिरिट जळलं आणि पाणी किती तापलं त्यावरून उष्णता काढायची. पण सरांचं उत्तर पुस्तकातल्या उत्तराच्या निम्मंच येई. उरलेली उष्णता हवेत पळते हे त्यांना ठाऊक होतं (वर्गात तेच तर शिकवायचे). तिला अडवायला त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडक्या लावल्या आणि डब्याला बायकोची शाल गुंडाळली. शालीने पेट घेतला. उत्तर निम्मंच राहिलं.

"आईने दिलेली होती," बायको एवढंच म्हणाली. ती ओरडली असती तर सरांना जरा बरं वाटलं असतं.

आता सर पुरते हवालदिल झाले. त्यांनी उलटं गणित करून पाणी किती तापायला हवं ते काढलं आणि सकाळी ते आकडे वर्गाकडून घोकून घेतले. "काहीही झालं तरी पाठ केलेलंच सांगायचं," असं बजावलंही.

तास सुरू झाला. खिडक्या बंद, पंखे बंद, दिवा पेटलेला. मागच्या बाकावर बाई घामाघूम झाल्या. शेवटी त्यांनी उठून पंखा लावला आणि ज्योत विझली. सरांची नजर मात्र बाईंच्या चेहऱ्यावर खिळलेली.

"पस्तीस, सर," थर्मामीटर बघणारी मुलगी म्हणाली.

"छान."

"पंचेचाळीस, सर."

"बघा बाई, कसं भराभर तापतंय."

"साठ, सर."

बाई शांतपणे पुढे आल्या आणि त्यांनी डब्यात बोट बुडवलं. "सर, दिवा केव्हा विझला?"

सरांनी खाली पाहिलं. तेवढ्यात मुलीने हळूच आठवण करून दिली, "सर, अजून सत्तर राहिलंय."

घरी आल्यावर सरांनी सगळं सांगितलं. बाई उद्यापासून येऊ नका म्हणाल्या, हेही सांगितलं. आता कुठे तोंड दाखवायचं, हेच त्यांना कळेना.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग आत जाऊन तिने गार पाण्याची बादली आणली आणि त्यांच्यासमोर ठेवली.

"आंघोळीचं आहे," ती म्हणाली. "गॅस संपलाय. पण तुम्हाला कुठे लागतो?"