वॉटफर्डच्या कापूस सोसायटीचे अध्यक्ष

भाऊरावांबद्दल कोणी विचारलं की इतकी वर्षं मी विषय बदलत आलो. आज बदलत नाही.

लंडनजवळच्या वॉटफर्डमध्ये कापूस पिकवायला निघालेला माणूस मी एकच पाहिला. भाऊराव यवतमाळकडच्या एका गावात जन्मभर सोसायटीचे सचिव होते. बी-खत, पीककर्ज आणि शेवटी कापसाची विक्री, सगळं त्यांच्या हातून व्हायचं. दोन हजार सालानंतर कधीतरी मुलाने त्यांना इकडे आणलं, तेव्हा सोबत गावची उशी आली. ती टोचू लागली म्हणून उसवली, तर आत सरक्या, कापसाच्या बिया. दुसऱ्या कोणी फेकून दिल्या असत्या. भाऊरावांनी कौन्सिलच्या अलॉटमेंटवर, म्हणजे भाजीपाल्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्यावर, एका ग्रीनहाउसमध्ये, 'वॉटफर्ड परिसर कापूस उत्पादक सहकारी संस्था' काढली.

भाऊराव धरून सभासद आम्ही पाच. सगळे मुलांकडे राहायला आलेले, नातवंडांना शाळेत सोडलं की रिकामे. प्रत्येकाला एक कुंडी, एक झाड. खत हवं तर रीतसर अर्ज करायचा. मग भाऊराव चमचाभर खत देत आणि बजावत, "उचल दिली जी. वसुली कापसातून." झारी एकच होती, तीही त्यांच्या परवानगीने मिळे. पीक बाहेर कोणाला द्यायला बंदी. जणू शेजारच्या ल्यूटन शहरातले व्यापारी आमच्या बोंडांवर टपूनच बसले होते.

वेचणी झाली की खरेदी केंद्र उघडे, म्हणजे ग्रीनहाउसचं दार. आम्ही ओळीने उभे. भाऊराव चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांत धरून ओढत, धाग्याची लांबी बघत आणि प्रत जाहीर करत. त्या सगळ्या कापसाच्या फुलवाती होऊन मराठी मंडळाच्या गणपतीला जात. एवढंच आमचं मार्केटिंग.

"गावात सचिवच राह्यलो," ते एकदा मला म्हणाले. "अध्यक्ष इथं झालो. गावाले फोन करून सांगतलं मी."

माझ्या कापसाला त्यांनी 'कवडी' ठरवलं. कवडी म्हणजे डागी, किडका, सगळ्यांत खालची प्रत. मी पुण्याचा निवृत्त बँक अधिकारी. चारचौघांत कवडी!

"भाऊराव, जरा चष्मा लावून बघा."

"चष्मा लावूनच कवडी म्हनलं जी. बिगर चष्म्यानं त हा कापूसच नोता दिसला."

सगळे हसले. मी घुश्शात, पण गंमत म्हणून असं सांगत, अविश्वास ठराव आणला. भाऊरावांनी तो स्वतः उभं राहून वाचून दाखवला. दोन तृतीयांश मतं, म्हणजे पाचांत चार हात हवे होते. माझ्यासकट तीन वर गेले. चौथे जोशी खुर्चीत घोरत होते.

"वाचलात, अध्यक्ष," मी म्हणालो.

"थांबा जी." भाऊरावांनी स्वतःचा हात वर केला. "तिघायले मी नको, मंग ठराव लटकवून कायले ठेवू? मंजूर."

आणि झारी माझ्या हातात दिली. नवा अध्यक्ष मी! झारी आमच्या गॅरेजमध्ये पडून राहिली. झाडांना भाऊराव दुधाच्या रिकाम्या बाटलीने पाणी घालत, असं नंतर कळलं.

पुढच्या वार्षिक सभेच्या दिवशी थंडी फार होती. "पाठ धरलीय," असा फोन करून मी घरी राहिलो. बाकीच्यांपैकी कोणाकडे पाहुणे आले, कोणाचा डेंटिस्ट निघाला. दुपारी दूध आणायला बाहेर पडलो तर वाटेत अलॉटमेंट. ग्रीनहाउसमध्ये भाऊराव उलट्या बादलीवर एकटेच, समोर पाच कप मांडलेले. मी कुंपणाआड थांबलो.

सोसायटीचा नियम असा, की गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब करायची आणि अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरवायची. मग किती का माणसं असेनात. तो अर्धा तास भाऊराव घड्याळाकडे बघत बसून राहिले. मीही गारठत तिथेच उभा होतो. का, ते मला सांगता येत नाही.

मग ते उठले. टोपी सारखी केली. एक काच फुटलेली होती, म्हणून सगळं ऐकू आलं.

"तहकूब सभा सुरू करन्यात येत आहे. विषय पहिला. आपले अध्यक्ष साहेब पाठीनं हैरान हायेत. त्याहिले लवकर आराम पडो, असा ठराव मी मांडतो."

त्यांनी कुंड्यांवरून नजर फिरवली. कोणाची हरकत आहे का, ते पाहिलं.

"सर्वानुमते मंजूर."

मी दूध न घेताच मागे फिरलो.

त्या उन्हाळ्यात ते गावी परतले, आणि पुढच्या वेचणीआधी गेले. मधे फोनवर बोलणं व्हायचं. दर वेळी मी काही म्हणायच्या आत तेच विचारायचे, "पाठ कशी हाये, साहेब?"

"बरी आहे आता," मी सांगायचो.

सांगायचं होतं ते हे: भाऊराव, पाठ दुखतच नव्हती. आणि तो कापूस कवडीच होता. चुकलो.