वेळेआधी आलेलं बाळ

तीन बैलांपैकी एकाचं डावं शिंग उजव्यापेक्षा तिळाएवढं आखूड झालं होतं. दुसऱ्या कुणाला ते दिसलंही नसतं. पण शुलमीतबाईंचा सगळा जन्म सरकारी दवाखान्यात थेंब मोजून औषधं देण्यात गेला होता, आणि तिळाएवढा फरक त्यांच्या लेखी फरकच होता. शिंग काढून दुसरं बसवावं का, याचा त्यांनी विचार केला. चष्मा पुसून पुन्हा एकदा पाहिलं आणि राहू दिलं. ज्वारीचं आणखी एक धाट मागायला आता तोंड नव्हतं.

बैल ज्वारीच्या धाटाचे होते. धाट सोललं की वरची चिवट साल वेगळी निघते आणि आत पांढरा, हलका गाभा उरतो. निलंग्याकडची पोरं त्याच्या बैलगाड्या करतात. बाईंनी गव्हाणी केल्या होत्या. वर सालीचं छप्पर, एका अंगाला बैल, दुसऱ्या अंगाला गाय आणि मधोमध बाळ येशूला निजवायला बोटभर जागा. सगळं चिंचोक्याच्या खळीनं चिकटवलेलं. एरवी धाटाला कोण विचारतो? पण सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला होता आणि लोक कडबा कुलपात ठेवू लागले होते. अशात शेजारच्या सरजाबाईनं आपल्या गायीच्या पुढ्यातली लांबसडक धाटं निवडून आणून दिली. देताना गायीनं मान वळवून पाहिलं म्हणे. तेव्हा दोघींनी ते हसण्यावारी नेलं.

शुलमीत हे नाव गल्लीत कुणाच्याच जिभेवर बसलं नव्हतं. त्या सगळ्यांच्या ‘सिस्टर’ होत्या. गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली होती. बाई नोकरीतून मोकळ्या झाल्या त्याच सुमारास लातूर जिल्हा वेगळा झाला. दवाखान्याच्या पाटीवर ‘उस्मानाबाद’ पुसून ‘लातूर’ लिहिलं गेलं, पण रंग पातळ होता आणि उन्हात जुनी अक्षरं खालून डोकावत राहिली. बाईंचंही काहीसं तसंच झालं होतं; जायचं ठरलं तरी खालून गल्लीच डोकावत होती. भाऊ जालन्याला एकटा होता, त्याची नजर जवळजवळ गेली होती, आणि ‘आता तू इकडंच ये’ असा त्याचा धोशा होता. आषाढात बाईंनी त्याला हो म्हटलं. गल्लीत मात्र अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

सांगायचं ठरवून त्या कितीदा तरी उंबऱ्यापर्यंत गेल्या होत्या. पण सायकलच्या दुकानाचा जिलानी रोज टँकरवरून त्यांच्या वाटणीची घागर सायकलला अडकवून आणायचा. दारात घागर उतरवणाऱ्या माणसाला त्याच वेळी ‘मी चालले’ कसं म्हणायचं? आणि दुष्काळ असा, की घागर रोजच यायची.

शेवटी त्यांनी मनाशी एक वेळ ठरवली. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी एकेक गव्हाण तीन घरांत द्यायची. एक जिलानीच्या बायकोला, हुसेनबीला, एक सरजाबाईला, एक कोपऱ्यावरच्या लक्ष्मम्मांना. बाळाची जागा मोकळी ठेवायची, कारण बाळ नाताळाच्या दिवशीच येतं. गल्लीला हा रिवाज माहीत होता; दरवर्षी बाईंच्या घरी बाळ ठेवताना सगळ्या पाहायला यायच्या. यंदा बाळ आपण घरोघर नेऊन ठेवायचं आणि ठेवता ठेवता सांगून टाकायचं. नाताळ झाला की भावाचा टेम्पो येणारच होता. म्हणजे आता पळवाट नव्हती.

नाताळाची सकाळची उपासना आटोपली. लातूरहून आलेले पाळक एसटी गाठायला गेले आणि बाई मलमाची रिकामी डबी घेऊन निघाल्या. डबीत कापसाच्या गादीवर तीन बाळं होती, धाटाच्या गाभ्याची, गॉजच्या पट्टीत नीट गुंडाळलेली. नव्या बाळाला गुंडाळून जशी कडेला गाठ मारत आल्या होत्या, तशीच गाठ.

हुसेनबीकडे गव्हाण पेटीवर, हिरव्या रुमालावर मांडलेली होती. बाईंनी बाळ निजवलं आणि त्यांची नजर बैलावर गेली. डावं शिंग आखूड होतं. त्यांना पक्कं आठवत होतं, हा बैल लक्ष्मम्मांकडे दिला होता. त्याच्या कपाळावर काहीतरी पुसल्याचा राखाडी फराटाही होता. पण हुसेनबीच्या घरात राखाडी फराटा कुठून येणार? बाईंनी थोडा विचार केला आणि एकच निष्कर्ष काढला, की आपली आठवण दगा देऊ लागली. म्हणजे वय झालं. म्हणजे जायचं ठरवलं ते बरोबरच ठरवलं. एवढ्या पुराव्यानं त्यांना थोडा धीर आला.

“हुसेनबी, तुला एक सांगायचं राहिलंय,” त्या म्हणाल्या.

हुसेनबीच्या हातातलं करंज्यांचं ताट कललं. “मला बी, सिस्टर. मला बी एक सांगायचंय.”

मग हुसेनबीनंच घाई केली. “पहिले चाय. चायच्या आधी कायबी बोलू नगा. माझी कसम.”

तिनं बाईंचा हात धरून त्यांना आत चुलीपाशी पाटावर बसवलं, भिंतीकडे तोंड करून. चहा होईपर्यंत तिनं दुष्काळाची, टँकरची आणि बहिणीच्या सुनेची हकिकत सांगितली, तीही कारण नसताना मोठ्या आवाजात. मधेच पुढच्या खोलीत कुणीतरी ठेचकाळलं. हुसेनबी म्हणाली, मांजर. मग मांजरानं सायकलची घंटी वाजवली. बाई उठून पुढच्या दाराकडे वळल्या तशी हुसेनबी आडवी आली.

“तिकडून नगा जाऊ, सिस्टर. फार चिखल झालाय. मागल्या दारानं जावा.”

दोन वर्षं आभाळातून थेंब पडला नव्हता. बाईंना चिखल ऐकूनच बरं वाटलं आणि त्या मागल्या दारानं बाहेर पडल्या. सांगायचं राहिलं ते राहिलंच. हुसेनबीलाच काहीतरी कुणकुण लागली असावी, ती रागावली असावी, असा विचार करत त्या सरजाबाईच्या दाराशी आल्या.

सरजाबाईचं दार कधी लावलेलं नसे. आज आतून कडी होती. बाईंनी हाक मारली, तर ‘आले, आले’ असा आवाज आला. पण कोणी आलं मात्र नाही. आत काहीतरी सरकवल्याचा, कुणीतरी कुणाला दबक्या आवाजात दटावल्याचा आवाज येत राहिला. दार उघडलं तेव्हा सरजाबाईला घाम फुटला होता. तिच्या मागे, कोपऱ्यात, जिलानी उभा होता. अंगानं आडवा माणूस, हातात रिकामी पाटी, आणि धापा टाकत होता.

“मी जरा सायकल बघायला आल्तो,” तो न विचारता म्हणाला.

सरजाबाईच्या घरात सायकल नव्हती. बाईंनी तेही मनात नोंदवलं आणि कोनाड्यातल्या गव्हाणीपुढे जाऊन डबी उघडली. दुसरं बाळ चिमटीत धरलं. आणि तशाच थांबल्या.

गव्हाणीत बाळ होतं.

बाहेर गोठ्यात गायीनं फुरफुर केलं.

“सरजाबाई, बाळ आलंय की.”

“हाव,” सरजाबाई म्हणाली. तिनं आधी जिलानीकडे, मग छपराकडे पाहिलं. “यंदा जरा लवकरच आलं.”

“लवकर म्हणजे?”

“म्हंजे दिवस भरायच्या आधी. तुमीच सांगता न्हवं, सिस्टर, येतं कधी कधी असं म्हणून. पन तब्येतीनं ठीक हाय.”

बाईंच्या उभ्या नोकरीत असा अहवाल त्यांच्यापुढे कुणी दिला नव्हता. त्यांनी वाकून बाळ पाहिलं. गॉजची गाठ त्यांचीच होती. मग बैल पाहिला. डावं शिंग. कपाळावरचा फराटा आता आणखी फिका झाला होता, कुणीतरी घाईनं ओल्या पदरानं पुसल्यासारखा.

“ह्या बैलाला भस्म कुणी लावलं?” त्यांनी विचारलं.

उत्तर दारातून आलं. लक्ष्मम्मा पदर खोचून आत शिरत होत्या. त्यांची नजर फक्त सरजाबाईवर होती.

“झालं का गं तुमचं? आता द्या बाई आमचा बसवण्णा. सिस्टर आमच्याकडं कवा बी येतील, अन् देवघराचा कोनाडा मोकळा—” आणि मग त्यांना सिस्टर दिसल्या. “अय्यो,” त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

मागून हुसेनबीही येऊन पोचली. मग सगळं बाहेर आलं, एकाच वेळी तिघींच्या तोंडून, त्यामुळे बाईंना ते जुळवून घ्यायला थोडा वेळ लागला.

सरजाबाईनं गव्हाण घरात ठेवलीच नव्हती. सिस्टरनंच दरवर्षी सांगितलं होतं, देव गोठ्यात जन्मला. मग ती गव्हाण चुलीच्या धुरात कशी ठेवायची? तिनं गोठा सारवून घेतला, खुंटीवर फळी बांधली आणि गव्हाण मानानं तिथं मांडली. सकाळी पाहते तर फळीवर फक्त चिंचोक्याच्या खळीचा एक ठिपका. गायीनं आपली धाटं परत घेतली होती, छपरासकट. हुसेनबीनं मात्र हुशारी करून गव्हाण उंच पेटीवर ठेवली. पण तिच्या शेळीला उंचीचं कधी काय वाटलंय? तीही गव्हाण गेली. दोघी आपापला गुन्हा लपवून लक्ष्मम्मांकडे गेल्या, एक पुढच्या दारानं, दुसरी मागल्या. ‘एका दिवसापुरती तुमची द्या’ म्हणायला दोघींनी एकदमच तोंड उघडलं. लक्ष्मम्मांची गव्हाण तेवढी शाबूत होती, कारण बैल दिसल्याबरोबर त्यांनी त्याला बसवण्णा, म्हणजे नंदी मानून देवघरात बसवून रोज भस्म लावायला सुरुवात केली होती. त्या देवघरात शेळीची काय बिशाद.

बेत साधा होता. सिस्टर एका घरी चहा पितील, तेवढ्यात गव्हाण पाटीखाली झाकून दुसऱ्या घरी. फक्त बाळ काढून ठेवायचं होतं, आणि ते काम जिलानीकडे होतं.

“न्हाई जमलं मला,” जिलानी पायाच्या अंगठ्याकडे पाहत म्हणाला. “निजलेलं लेकरू हाय, सिस्टर. कसं उचलू?”

आधी बाईंना ठसका लागला. मग त्या हसल्या. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत, इतक्या हसल्या की लक्ष्मम्मांनी पाणी आणायला तांब्या उचलला आणि पाणी वाया जाईल म्हणून पुन्हा ठेवला. सरजाबाई मात्र रडत होती.

“गाय खाऊन बसली तवापासून घास गोड लागत न्हवता मला,” ती म्हणाली. “तुमी डोळे फोडून केलेलं. रोज वाटायचं सांगावं. रोज तुमी समोर दिसला की तोंड गप. म्हटलं, यांचा सण तरी होऊ दे.”

बाईंचं हसू तिथं थांबलं. हेच शब्द, जवळजवळ असेच, त्या आषाढापासून रोज स्वतःशी म्हणत होत्या. या बायकांची लपवाछपवी ढिसाळ होती म्हणून एका चहात उघडी पडली. आपली नीटनेटकी होती. तिच्यावर कुठं फराटा नव्हता. ज्यांनी आपल्यासाठी गायीपुढची धाटं उचलली, त्यांना आपण टेम्पो दारात येईपर्यंत अंधारात ठेवलं. आणि वर गव्हाणी वाटून निरोप घेतल्याचं समाधानही घेणार होतो.

घरात आता सगळ्यांचा जीव भांड्यात पडला होता. हुसेनबीनं करंज्यांचं ताट मधे ठेवलं. जिलानी पाटी पालथी घालून तिच्यावर बसला आणि पहिली करंजी त्यानंच उचलली. लक्ष्मम्मांनी बैलाच्या कपाळावरचा फराटा पदरानं साफ केला आणि सगळ्यांच्या वतीनं निकाल दिला की आज गव्हाण इथंच राहू दे, बाळाची हलवाहलव बरी नव्हे. नाहीतरी तिघींना मिळून एकच बास आहे.

“पुढच्या नाताळाला धाटाची करू नगा,” सरजाबाई डोळे पुसत म्हणाली. “टिनाची करा. मंग बघू माझी गाय काय करती.”

“टिन बी खाईल माझी बकरी,” हुसेनबी म्हणाली. “पुढच्या नाताळाच्या आधी तिला इकूनच टाकते.”

“इकू नकोस,” लक्ष्मम्मा म्हणाल्या. “पुढच्या वर्षी सिस्टर तिन्ही माझ्याकडंच ठेवतील. व्हय ना, सिस्टर? पुढच्या वर्षी तिन्ही माझ्याकडं.”

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. त्यांच्या हातात डबी उघडीच होती. कापसावर एक बाळ, आणि चिमटीत अजून धरलेलं दुसरं. दोघांनाही आता निजायला जागा नव्हती. त्यांनी चिमटीतलं बाळ पहिल्याच्या शेजारी ठेवलं, त्याची गाठ सरळ केली, झाकण लावलं आणि डबी सरजाबाईच्या ओंजळीत दिली.

“पुढच्या नाताळाला मी इथं नसेन, सरजाबाई,” त्या म्हणाल्या. “मी जालन्याला चाललेय, भावाकडं. कायमची.”